साहेबांचा क्लोजअप

साखर कारखान्याचा बॉयलर फुटून मजूर गेले. शोकसभेच्या फिल्मचं संकलन करायला मृणालिनी बसली, तेव्हा चेअरमन रणधीरराव तिच्या खुर्चीमागेच उभे राहिले.

पडद्यावर त्यांचा क्लोजअप आला, अगदी निर्विकार. पुढच्याच शॉटमध्ये एका मयत मजुराची बायको रडत म्हणत होती, "बॉयलर गळतोय म्हणून हे रोज सांगत होते."

"काय दुःख दिसतंय माझ्या चेहऱ्यावर!" साहेब खूश झाले. "फक्त ह्या बाईला उडवा. कारखान्याची बदनामी नको."

मृणालिनीने तो शॉट काढला. क्लोजअपला लागून आता पाहुण्यांच्या भज्यांचं ताट आलं. साहेब भुकेले दिसू लागले.

"माझा चेहरा बदललात तुम्ही!" ते खवळले. "दुसरं काहीतरी जोडा."

"दुसरं आहे काय? कॅमेरा दिवसभर तुमच्याच मागे होता. आणि साहेब, चेहरा तोच आहे. दुःख त्या बाईचं होतं. ती शेजारी होती म्हणून तुमचं वाटलं."

"ठेवा तिला," साहेब पुटपुटले.

फिल्म लागली आणि साऱ्या गावाने तिचं बोलणं ऐकलं. तिचा नवरा सांगत होता, तेव्हा कोणीच ऐकलं नव्हतं.