उघाडीतला क्रूस

उंबरखार हे खाडीच्या कुशीतलं गाव. एका बाजूला केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्या, दुसऱ्या बाजूला खारं पाणी आणि मधे मातीचा बांध. या गावच्या चर्चमध्ये फादर आंतोन राहत होते, तेव्हाची ही गोष्ट. फादरांचा झगा कोपरावर विटलेला असे, पण त्यांच्याजवळ नुसतं बसलं तरी माणसाचं ओझं उतरे.

बांधातल्या उघाडीवर, म्हणजे पाणी सोडायच्या दारावर, इनास नावाचा राखणदार होता. ओहोटीला उघाडीच्या फळ्या वर काढून वाड्यांचं साचलेलं पाणी खाडीत सोडायचं आणि भरती लागायच्या आत त्या पुन्हा खाचेत बसवायच्या, हे त्याचं काम. गेल्या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात त्यानं नुसत्या पाण्यावर राहण्याचा नवस केला. अशक्तपणानं बांधावरच त्याचा डोळा लागला, फळ्या वरच राहिल्या आणि भरतीचं पाणी दुमिंगशेटच्या वाडीत शिरलं. लेकरासारख्या वाढवलेल्या पानवेली मुळापासून करपल्या.

इनासनं दुमिंगशेटचे पाय धरले. ते मागे सरले. “माफीनं वेली फुटत नाहीत, इनास. देवाला उपास दाखवतोस आणि आम्हाला खारं पाजतोस.”

त्या दिवसापासून गाव त्याला ‘खारा इनास’ म्हणू लागलं.

यंदा राखेच्या बुधवारी उपवासकाळ सुरू झाला, तसा इनासनं आणखी कडक उपास धरला. अंग जितकं झिजेल तितका आपला डाग फिका होईल, असं त्या बिचाऱ्याला वाटे. डाग होता तिथेच होता. क्रूसाच्या वाटेच्या भक्तीला तो दाराबाहेर, लोक चपला काढतात तिथे गुडघे टेकी.

गुड फ्रायडे नेहमी पौर्णिमेच्या आसपास येतो, त्यामुळे उधाण ठरलेलंच, आणि तेही ऐन दुपारी. त्या सकाळी फादर पेजेचं भांडं घेऊन उघाडीवर आले.

“पी,” ते म्हणाले.

“आज, फादर? आजच्या दिवशी?”

“आज उधाण आहे. गेल्या वर्षी उपाशीपोटीच झोप लागली ना तुला? त्याच चुकीची पुन्हा तयारी करतोस आणि तिला प्रायश्चित्त म्हणतोस.”

इनासचं तोंड उतरलं. “मग देवाला देऊ तरी काय?”

“फळ्या वेळेवर बसव. आणि आधी पेज पी, निवते आहे.”

दुमिंगशेट तिथूनच चर्चकडे निघाले होते. ते थांबले. “बरा न्याय आहे, फादर. गुन्हेगाराला पेज आणि आम्ही उपाशी.”

“तुम्ही मटण सोडलंत, मासळी सोडलीत,” फादर शांतपणे म्हणाले. “राग तेवढा रोज ताजा वाढून घेता.”

दुमिंगशेट वळले. झपाझप निघून गेले.

इनासनं पेज प्यायली आणि भरतीच्या आत एकेक फळी खाचेत बसवली. दुपारी मिरवणूक बांधावर आली. पुढे दुमिंगशेट, खांद्यावर गावचा जुना सागवानी क्रूस. तेवढ्यात फुगलेल्या पाण्याच्या रेट्यानं उघाडीची मधली फळी काडकन फुटली. इनासनं आतल्या बाजूनं उडी घेतली आणि भगदाडाला पाठ लावली. पाण्याचे लोट त्याच्या खांद्यांवरून वाडीच्या पाटात उतरू लागले. त्याच पाटावर दुमिंगशेटनी यंदा नव्या वेली लावल्या होत्या.

“दुमिंग, क्रूस खाली द्या,” फादर म्हणाले.

“चिखलात? आजच्या दिवशी?”

“पहिला क्रूस काय फरशीवर उभा होता?”

दुमिंगशेटनी एकवार क्रूसाकडे पाहिलं, एकवार खाली थरथरत्या इनासकडे. मग दोघा-तिघांच्या मदतीनं क्रूस उघाडीत सोडला. इनासनं वळून तो दोन्ही हातांनी भगदाडावर दाबून धरला. फादरांनी वरून वाकून लाकडावर हात ठेवला आणि डोळे मिटले.

दोन आडव्या-उभ्या लाकडांनी पाणी अडत नाही. चारही कोपरे उघडे होते, पाण्याला वाटच वाट होती. तरी इनासच्या हातांवरचा दाब एकाएकी हलका झाला. बाहेर खाडी बांधाच्या माथ्याला टेकली, आणि आत त्या उघड्या कोपऱ्यांतून थेंबही येईना! बघता बघता पाटातलं पाणी मातीत जिरलं. बांधावरच्या लोकांनी हात जोडले. प्रभूची करणी, दुसरं काय म्हणावं?

क्रूसवंदनाची वेळ झाली. ओहोटी अजून पुरती लागली नव्हती, त्यामुळे क्रूस हलवता येत नव्हता.

“वंदन इथेच होईल,” फादर म्हणाले. “खाली उतरा.”

पहिला मान दुमिंगशेटचा. ते उतरले, चिखलात गुडघे टेकले आणि क्रूसाचं चुंबन घेतलं. पण उठेनात.

“दुमिंगशेट, धोतर खराब होतंय,” इनास पुटपुटला.

“होऊ दे.” दुमिंगशेट गुडघ्यांवरच राहिले. “वर्षभर तू माफी मागत राहिलास आणि मी ती मुठीत धरून बसलो. वेली केव्हाच मेल्या होत्या रे, मीच त्यांना मरू देत नव्हतो. मला माफ कर.”

एवढं बोलून त्यांनी इनासच्या पायांवर डोकं ठेवलं. इनास ओशाळला. त्याला पाय मागे घ्यायचे होते, पण टाचा चिखलात घट्ट रुतलेल्या, आणि हात तर क्रूसावर. मग तो तसाच उभा राहिला आणि पायांवरची ती ऊब त्यानं मुकाट्यानं घेतली.