वास हुंगणारे जंतू

माणसाला जंतू ठाऊकही नव्हते, त्या काळची गोष्ट. सगुणा नावाच्या पोरीच्या पोटात दुष्ट जंतू शिरले. जंतूंना डोळे कुठले? म्हणून त्यांचा नेम होता. प्रत्येकाने थोडा वास सोडायचा; वास दाट झाला की आपण पुष्कळ झालो असे समजायचे आणि सगळ्यांनी एकदम विषाची कुपी उघडायची. एकट्याने उघडली तर अंगातले पहारेकरी चिरडून टाकत.

इतक्यात सगुणाने आईच्या पारण्याचा दहीभात खाल्ला आणि दह्यातल्या भल्या जंतूंपैकी आंबटी आपल्या बहिणींसह पोटात उतरली. वास तर दाटत चाललेला! पोरीचे आता कसे होणार, याची आंबटीला काळजी लागली.

"आंबट वास मूठभरच येतोय," जंतूंचा म्होरक्या खिदळला. "लढणार आमच्याशी?"

"लढतंय कोण, दादा? आम्ही जेवायला आलोय!" आंबटी म्हणाली.

आणि देवाचे नाव घेऊन त्या बहिणींनी जंतूंनी सोडलेला तो वासच चाटूनपुसून खायला घेतला!

खांद्याला खांदा लावून हजारो जंतू बसले होते. पण जो तो हुंगून म्हणे, "अजून मी एकटाच दिसतो. थांबावं." थांबता थांबता दुपारी पोट साफ झाले आणि मिटल्या कुप्यांसह सारे वाहून गेले. सगुणा फुगडी घालायला पळाली.