अस्वलआजोबांची पाटी

फार पूर्वी, म्हातारे आजच्याइतकेच शहाणे होते तेव्हा, एका अस्वलआजोबांकडे मधाचं एक पोळं जास्त झालं. त्यांनी ते दान करायचं ठरवलं.

साळिंदर आलं. "आजोबा, आम्ही झरा उकरतोय. उकरणारे उपाशी आहेत. उन्हाळ्यात पाडसं तहानेनं मरतात हो!"

"माझ्या नावाची पाटी कुठे लावाल?"

"झऱ्यात कसली पाटी? बुडेल की!"

मोर पुढे झाला. "दादासाहेब, माझ्या नाचाच्या ओट्यावर लावू. मोठ्या अक्षरांत!"

पोळं मोराला गेलं. सगळ्या म्हाताऱ्यांनी टाळ्या पिटल्या.

झरा अर्धाच राहिला. चैत्रात नदीही आटली. आजोबा जीभ बाहेर काढून ओट्यापाशी आले. "कुणीतरी पाणी द्या रे!"

तहानेनं भाऊ गेलेलं एक पाडस तिथेच बसलं होतं. ते म्हणालं, "पाटी चाटा, आजोबा. तुमचीच आहे."