सटवाजीच्या हलगीला लागलेला हात

फार जुन्या काळी, हिवरटेकाला सरपंच नव्हता तेव्हा, गाव पाटलाचं होतं आणि पाटील गावाचा होता. पाटील हुकूम बोलायचा, पण चावडीवर प्रत्येक घराचा एक हात हलगीच्या चामड्याला लागल्याशिवाय त्याची दवंडी व्हायची नाही. आणि दवंडी झाली नाही तो हुकूमच नव्हे.

दवंडी द्यायचा सटवाजी. आवाज असा की पलीकडच्या डोंगरावरची गुरं माना वर करायची. त्याची एकुलती लेक बायजा गावच्याच खालच्या वाडीत दिलेली. नवरा गेल्यावर घर तीच चालवायची, म्हणून त्या घराचा हात तिचा.

एका चैत्रात खालची वाडी झाडून जत्रेला गेली. अंबाजी पाटलाने नेमकी तीच वेळ साधली. चावडी बोलावली आणि म्हणाला, "बंधाऱ्याचं पाणी आजपासून खाली सोडायचं न्हाई. माझ्या मळ्याला पुरं पडंना."

माणसं खाली मान घालून उठली, हात लावून गेली. भीतीच तशी होती.

सटवाजी म्हणाला, "पाटील, खालच्या वाडीचा हात ऱ्हायलाय."

"तुझी लेक हाय की तिथं. तूच लाव त्यांच्या वतीनं. न्हाईतर उद्या झोपडी उचल आन् गाव सोड."

म्हातारा घाबरला. लेक आपलीच, तिला मागाहून समजावू, अशी त्याने मनाची समजूत घातली. आणि हात लावला. तिथंच चुकला बिचारा!

भर दुपारी त्याने वेशीत पहिली थाप दिली. हलगी वाजलीच नाही. दवंडी द्यायला तोंड उघडलं, तर घशातून हवासुद्धा निघेना. त्याने दुसरी थाप मारली, तेव्हा चामड्याच्या आतून बायजाचा आवाज आला, असं म्हणतात.

"बाबा, माझा हात कुठाय?"

बायजा तर चार कोसांवर जत्रेत होती! बायका दारातून आत पळाल्या. अंगणातली कुत्री शेपटी पायांत घालून बसली. सटवाजी हलगीची काठी टाकायला गेला, पण काठी हातातून सुटेना. थाप पडत राहिली आणि दर थापेला तोच प्रश्न. मग त्यात दुसरे आवाज मिसळले, म्हाताऱ्यांचे, पोरांचे, सगळ्या वाडीचे. पाटलाने धावत येऊन विळ्याने चामडं टरकावलं. तर आवाज चावडीच्या खांबांतून येऊ लागले, मग पाटलाच्या स्वतःच्या देवघरातून.

पाणी अडवायला कुणीच गेलं नाही. पाटलाने किती आरडाओरडा केला, पण दवंडी न झालेला हुकूम पाळायचा कुणी?

सटवाजी फाटकी हलगी वाजवत खालच्या वाटेला लागला, हलगीवर लेकीचा स्वतःचा हात मागायला. तो वाडीत पोचलेला कुणी पाहिला नाही. जत्रेहून परतलेल्या बायजाला उंबऱ्यावर हलगी सापडली. चामडं पुन्हा अखंड होतं आणि त्यावर एकच ओला पंजा उमटलेला, बापाचा. तिने तो पदराने पुसला आणि ऊर फुटेस्तोवर रडली, असं म्हणतात.

आता हिवरटेकात निवडणूक होते, सरपंच मतांनी येतो. तरी ग्रामसभेत ठरावाआधी हलगी प्रत्येक माणसापुढे फिरते आणि सटवाजीचं नाव घेतलं जातं. कुणी आलं नसेल तर सभा ताटकळते, माणूस बोलावणं घेऊन जातो, अंथरुणावरच्या आजाऱ्यापुढेही हलगी धरतात. दुसऱ्याच्या वतीने मात्र कुणी हात ठेवत नाही. नवरा बायकोच्या नाही, आणि बाप लेकीच्या तर मुळीच नाही.