तळ्याची पाळ आणि कौतिकाच्या तीन इच्छा

सागाच्या रानात, जिथे माणसांची पायवाट संपते आणि हरणांची सुरू होते, तिथे एका झोपडीत कौतिका नावाची मुलगी आपल्या बाबांबरोबर राहत होती. झोपडी एवढीशी, चूल एवढीशी, आणि हल्ली चुलीवरचं मडकं बहुतेक रिकामंच. कौतिकाचे बाबा रतिराम ओल्या दगडावरून घसरले होते आणि त्यांचा पाय मोडला होता. पायाला बांबूच्या कामट्या बांधून ते खाटेवर पडून असत. मासे धरायचं जाळं खुंटीवर नुसतंच लोंबत होतं. आई देवाघरी गेलेली, आणि गाव तर पार टेकडीपलीकडे.

झोपडीसमोर एक तळं होतं. फार फार पूर्वी गावातल्या लोकांनी टोपल्या-टोपल्यांनी माती वाहून ओढ्याला आडवी एक बुटकीशी पाळ घातली होती. पाळ म्हणजे मातीचा बांध. पाळीनं पाणी अडवलं आणि पाण्यानं सगळ्यांना बोलावून घेतलं. रुपेरी रोहू मासे आले, सोनेरी पोटाचे कटले आले. निळाजांभळा खंड्या आला, चिमुकल्या टिबुकल्या डुबुक डुबुक करत आल्या. ठिपक्यांची चितळं आणि काळेभोर रानगवेही पाण्याला यायला लागले. गावानं रतिरामला सांगितलं होतं, "तू पाळ सांभाळ, तळ्यातले मासे तुझे."

आता बाबांच्या ऐवजी कौतिकाच रोज पाळीवर फेरी मारायची. येताना बांबूच्या छोट्या टोपलीनं मासे धरायचा प्रयत्न करायची. कधी एखादं पिटुकलं पिल्लू सापडायचं. पोटात भूक कुरकुरत असली तरी ती त्याला ओंजळीतून हळूच सोडून द्यायची. "जा बाळा, तुझी आई शोधत असेल तुला."

एके दिवशी सकाळी ती पाळीवर गेली तर तिला एक गंमत दिसली. पाण्यावर एक गुलाबी कमळाची कळी गरगर गरगर फिरत होती. वारा तर नव्हता! कळी फिरत फिरत पाळीजवळ आली आणि एकदम खाली ओढली जाऊ लागली. तेवढ्यात आतून बारीकसा आवाज आला, "अगं बाई गं! कोणी आहे का?"

कौतिका छातीभर पाण्यात शिरली आणि तिनं कळी उचलून छातीशी धरली. पाकळ्या उघडल्या. आत एक परी बसली होती! खंड्याएवढीच उंच. दवबिंदूंचा चमचमता झगा, चतुराच्या पंखांसारखे झुळझुळीत पंख, पण सगळे ओलेचिंब, एकमेकांना चिकटलेले.

"थांबा हं, परीताई," कौतिका म्हणाली आणि तिनं हळूहळू फुंकर घालून एकेक पंख वाळवला. निळी, हिरवी, केशरी झाक त्यांच्यावर लखलखू लागली.

"मी या तळ्याची परी," परी म्हणाली. "कळीत झोपले होते. पण बाळ, तळ्याचं पाणी मला खाली ओढत होतं म्हणजे पाळीला आतून भोक पडलंय. खेकड्यांनी बीळ केलं असेल. भोक मोठं होत जाईल आणि सूर्य मावळायच्या आत सगळी पाळ वाहून जाईल."

कौतिकानं पाळीच्या पलीकडे वाकून पाहिलं. खरंच! गवतातून गढूळ पाण्याची एक धार वाहत होती. पाळ गेली तर तळं जाईल, आणि मग मासे कुठे जातील? टिबुकलीचं तरंगतं घरटं कुठे जाईल?

"घाबरू नकोस," परी म्हणाली. "तू मला वाचवलंस. मी तुला तीन इच्छा देते. पण नियम नीट ऐक. इच्छा फक्त स्वतःसाठी मागायची. दुसऱ्यासाठी मागितलीस तर ती वाऱ्यावर उडून जाईल. आणि जे मिळेल ते सूर्य मावळेपर्यंतच तुझं."

"म्हणजे माझ्या बाबांचा पाय..."

परीनं झटकन आपलं बोट कौतिकाच्या ओठांवर ठेवलं. "नाही गं राणी, तसं नाही मागता येत."

"आणि पाळ दुरुस्त कर म्हटलं तर?"

"तेही नाही. स्वतःसाठी माग. मोतीचुराचे लाडू माग, जरीचं परकर-पोलकं माग."

लाडवांचं नाव ऐकताच कौतिकाच्या तोंडाला पाणी सुटलं. काल रात्री तिनं नुसती आंबील घेतली होती, तीही अर्धी. तिनं पुन्हा त्या गढूळ धारेकडे पाहिलं. मग तिचे डोळे चमकले.

"परीताई, मला माशासारखं पाण्यात श्वास घेता येऊ दे. मलाच हं! माझ्यासाठीच!"

परी खुदकन हसली. तिनं पंख झटकले, आणि कौतिकाच्या अंगावर चंदेरी कण सांडले. कौतिकानं बुडी मारली.

अहाहा! आत हिरव्यागार उजेडाचे झोके हलत होते. शेवाळाच्या मखमली झिरमिळ्या, पारदर्शक झिंगे, डुलत डुलत जाणारं म्हातारं कासव! पण पाळीच्या पायथ्याशी एक काळं भोक आ वासून पाणी गिळत होतं. त्याच्यासमोर एक मोठी मरळ मासोळी आडवी उभी होती. तिच्यामागे तिची केशरी पिल्लं घोळका करून थरथरत होती. एखादं पिल्लू भोकाकडे ओढलं गेलं की मरळ त्याला शेपटीनं मागे लोटायची. ती अगदी दमून गेली होती.

"थांब गं माय, मी आले," कौतिका म्हणाली. ती पुन्हा वर आली.

"परीताई, दुसरी इच्छा! माझे हात सुपाएवढे मोठे होऊ देत!"

"सुपाएवढे? लोक हसतील की!"

"हसू देत."

चंदेरी कण पुन्हा सांडले आणि कौतिकाचे हात झाले सुपाएवढे. मग काय! ती एका ओंजळीत टोपलीभर चिकणमाती घ्यायची, बुडी मारायची आणि भोकात दाबून दाबून भरायची. पुन्हा वर, पुन्हा खाली. सूर्य डोक्यावर आला, मग कलायला लागला. कौतिकाचे खांदे दुखून आले, डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण ती थांबली नाही. शेवटी भोक बुजलं. मग तिनं वर पाळीवरही नव्या मातीचा थर पसरला. पलीकडची गढूळ धार बारीक झाली, पण थेंब थेंब चालूच राहिली.

पाळीवर पसरलेली नवी माती भुसभुशीत होती. कौतिका तिच्यावर नाचली, तिनं उड्या मारल्या. पण ती एवढीशी पोर, तिच्या वजनानं माती काय दबणार!

"आता एकच इच्छा उरली," परी हळूच म्हणाली. "तू सकाळपासून काही खाल्लं नाहीस. ही तरी खरोखर स्वतःसाठी माग ना गं."

कौतिकानं पोटावर हात ठेवला. मग तिनं पाण्याकडे पाहिलं. पिल्लांचा केशरी घोळका अजून आईला बिलगून होता.

"मला असा आवाज दे," ती म्हणाली, "की माझी हाक रानातल्या सगळ्यांना कळेल."

परीचे डोळे पाणावले. तिसऱ्यांदा चंदेरी कण सांडले. कौतिकानं तोंडाशी हात धरून हाक दिली, "या हो या! आपलं तळं वाहून चाललंय! जड पायांचे सगळे या!"

रान क्षणभर स्तब्ध झालं. मग धप धप धप आवाज आला. सागाच्या पानांतून रानगवे बाहेर पडले, काळे, तुकतुकीत, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे! त्यांच्यामागून चितळं आली, रानडुकरीण पिल्लांसकट आली. कौतिका पुढे चालली आणि सगळे तिच्यामागे पाळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. परत फिरले, पुन्हा चालले. खुरांखाली माती दबत गेली, घट्ट होत गेली. पलीकडचा शेवटचा थेंब गवताच्या पात्यावर आला, लुकलुकला आणि तिथेच थांबला.

"थांबलं!" कौतिका आनंदानं ओरडली.

तेवढ्यात सूर्य टेकडीआड गेला. तिचे हात पुन्हा इवलेसे झाले. तिची हाक पुन्हा साधी झाली. गवे रानात निघून गेले. कौतिका पाळीवर बसली आणि आता मात्र तिला रडू आलं.

"काय झालं गं?" परी तिच्या गुडघ्यावर येऊन बसली.

"काही नाही. तळं वाचलं, मला खूप बरं वाटतंय. पण बाबांना अजून खूप दुखतं."

परीनं आपल्या चिमुकल्या तळव्यानं तिचे डोळे पुसले. "वेडाबाई, तुला मी तुझे नियम सांगितले, माझा नाही सांगितला. परीला स्वतःसाठी कधीच काही मागता येत नाही. पण ज्याला तीन इच्छा दिल्या त्यानं त्या दुसऱ्यांच्या कामी लावल्या, तर परीलाही एक इच्छा मिळते. आणि ती सूर्य मावळला म्हणून संपत नाही."

परी पंख पसरून उभी राहिली.

"रतिरामचा पाय बरा होऊ दे," परी म्हणाली.

असं म्हणताच तिच्या पंखांतून उजेड फुटला. आधी गुलाबी, मग सोनेरी, मग मोत्यासारखा शुभ्र! सगळं तळं झगमगलं, प्रत्येक लाटेवर एकेक दिवा लागल्यासारखं झालं. उजेडातून परीचा आवाज आला, "आमच्या तळ्याची लाडकी गं तू!" आणि उजेड हलकेच पाण्यात विरघळला. परी दिसेनाशी झाली.

"कौतू! ए कौतू!"

कौतिकानं वळून पाहिलं. बाबा पाळीवरून येत होते. कामट्या नाहीत, काठी नाही, लांब लांब ढांगा टाकत!

"पाय एकदम बरा झाला बघ!" म्हणत ते आले आणि थबकले. खाली वाकून त्यांनी दबलेल्या मातीवरचे खुरांचे ठसे पाहिले. "माय, एवढे गवे पाळीवर कशाला आले होते? त्यांना इथे आणलं कोणी?"

"मी बोलावलं, बाबा," कौतिका म्हणाली. "पण आधी मला काहीतरी खायला द्या. खूप खूप भूक लागलीय!"

बाबा मोठ्यानं हसले. त्यांनी तिला उचलून खांद्यावर बसवलं आणि झोपडीकडे निघाले. आणि खांद्यावर बसल्या बसल्या कौतिकानं सगळी गोष्ट अगदी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.