एका स्टारची धमकी

गुहागरजवळ अगदी समुद्राला लागून शालन भाटकरांनी दोन खोल्या पाहुण्यांसाठी ठेवल्या होत्या. पाहुणे मोबाइलवर स्टार बघूनच येत. मागच्या वर्षी कुणीतरी रागाने एकच स्टार दिला, तर महिनाभर खोल्या रिकाम्या राहिल्या. तेव्हापासून प्रत्येकाची मर्जी राखता राखता शालनताई थकून गेल्या होत्या.

यंदा आले निरगुडकर साहेब. त्यांचे अभिप्राय म्हणे लाखभर लोक वाचत. सकाळीच ते कडाडले, "रात्रभर लाटांचा आवाज! मला मागची खोली द्या."

"तिथे आजारी आजोबा उतरलेत, साहेब."

"त्यांना हलवा. नाहीतर एकच स्टार देईन, कारणासकट!"

शालनताईंना आता घाबरायचाही कंटाळा आला होता. अंगण झाडता झाडताच त्या म्हणाल्या, "द्या ना. फक्त कारण आत्ता बोललात तेच लिहा, इथे रात्रभर समुद्राचा आवाज येतो म्हणून. तोच ऐकायला तर माणसं पुण्याहून येतात."

साहेबांनी तावातावाने लिहायला घेतलं. लिहिलेलं एकदा वाचलं, पुन्हा वाचलं आणि मुकाट्याने पुसून टाकलं. मग हळूच त्यांनी चहा मागितला.

शालनताईंनी झाडू भिंतीला टेकवला, कंबर सरळ केली आणि आधण ठेवायला त्या आत गेल्या.