खालच्या आळीचं पाणी

पुष्कळ पुष्कळ वर्षांपूर्वीची ही गोष्ट. एका टेकडीच्या उतारावर एक नगर होतं. नगरात सात आळ्या होत्या आणि सातही आळ्यांचा कारभार एक नगरपंच पाहायचा. राजा होता, पण तो दूर राहायचा. नाल्यागटारांत त्याला रस नव्हता. राजांना तो नसतोच.

पंच निवडायची तिथली रीत मात्र मोठी छान होती. ज्याला पंच व्हायचंय त्यानं प्रत्येक आळीत पायी जायचं, तिथल्याच विहिरीचं तांब्याभर पाणी प्यायचं, आणि मग पारावर उभं राहून सांगायचं, की या आळीसाठी मी आधी काय करीन आणि मग काय करीन. ज्यानं पाणी चाखलं त्याला आळी कळली, असं जुन्या लोकांचं म्हणणं. जुने लोक भोळे होते.

एका वर्षी एक गृहस्थ पंच व्हायला उभा राहिला. त्याचं नाव मी सांगणार नाही. त्याला ते आवडलं नसतं. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. कुणाच्या लग्नाकार्याला चुकायचा नाही, म्हाताऱ्याकोताऱ्यांची विचारपूस करायचा. आपल्या हातून नगराचं भलं होईल असं त्याला मनापासून वाटायचं. त्याचे बेतही चांगले होते. बाजार आळीला फरसबंदी, देवळाच्या आळीला दिवे, सुतार आळीला लाकूड ठेवायला आडोसा. जिथे गेला तिथे पाणी प्यायला, बेत सांगितला, आणि लोकांनी माना डोलावल्या.

सहावी आळी रंगाऱ्यांची. ही सगळ्यांत मोठी. इथले हात ज्याच्या बाजूनं वर होत, तोच पंच होई. रंगारी म्हणाले, "आम्हाला काही नको. आमचे हौद आहेत तसे राहू द्या, म्हणजे झालं."

"छे छे, हौदांना कोण हात लावतंय?" तो हसून म्हणाला आणि उतार उतरून सातव्या आळीत आला.

ही खालची आळी. रंगाऱ्यांच्या हौदांचं सांडपाणी झिरपत झिरपत हिच्याच विहिरीत यायचं. रंगारी दुष्ट नव्हते. आजोबा जिथे ओतायचे तिथेच नातू ओतत होते. खालच्या आळीतली मोठी माणसं नाक दाबून ते पाणी प्यायची. पण लेकरांसाठी बायका रोज अर्ध्या कोसावरच्या झऱ्यावर जायच्या आणि डोक्यावरून घागरी आणायच्या.

आळीतल्या सर्वांत म्हाताऱ्या ठकूआजीनं तांब्या पुढे केला. "घ्या बाबा. प्या, आणि चव कशी आहे ते चारचौघांत सांगा. आमची तर जीभच मेली. आम्हाला वाटतं पाणी वाईट, वरचे म्हणतात आमच्या मनाचे खेळ. तुम्ही म्हणाल ते खरं."

त्यानं तांब्या वर धरला आणि धार तोंडात सोडली. पहिला घोट जिभेवर येताच कळलं, पाणी घाण आहे. आता आली का पंचाईत! पाणी वाईट म्हणावं तर रंगारी गेले. न पिता तांब्या परत करावा तर खालची आळी गेली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्यानं ओठ मिटून घेतले, गळा नुसता हलवला, आणि उरलेली धार हनुवटीवरून छातीवरच्या जाड उपरण्यात जिरू दिली. मग तोंड पुसायच्या निमित्तानं तोंडातला घोटही उपरण्यातच थुंकला आणि म्हणाला, "गोड आहे की, आजी! अमृत आहे."

मग पारावर उभं राहून त्यानं खालच्या आळीचा बेत सांगितला. आधी वेशीला दगडी कमान, मग पाराला नवा कठडा. ठकूआजी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला कमानीचं काही नव्हतं. ती 'गोड आहे' या दोन शब्दांचा विचार करत होती.

हात वर झाले आणि तो पंच झाला.

आठ-दहा दिवसांत कुणीतरी त्याच्या कानावर घातलं, की खालच्या आळीत लेकरं आजारी पडलीत. "साथ असेल," तो म्हणाला. मनात काहीतरी टोचलं. पण गादीवर बसायचा दिवस जवळ आला होता, गडबड फार होती. टोचणीला म्हणाला, नंतर बघू.

तो दिवस उजाडला. सातही आळ्यांची माणसं जमली, नगारा वाजला. एवढ्यात गर्दीतून वाट काढत ठकूआजी पुढे आली. हातात फडक्यानं झाकलेली लोटी. ही आता भांडणार, असं पंचाला वाटलं, आणि त्यानं मनातल्या मनात चार उत्तरंही जुळवली.

आजी भांडली नाही. त्याच्या चेहऱ्याकडे निरखून बघत म्हणाली, "बरं आहे ना बाबा तुम्हाला? पोटात कळ नाही ना येत?"

"मला? मला काय होतंय?"

"तुम्ही पाणी गोड म्हणालात, म्हणून सुनांना मी म्हटलं, एवढा मोठा माणूस प्यायला, उगीच कशाला झऱ्यावर पाय तोडता? लेकरांना विहिरीचं द्या. दिलं, आणि बारा लेकरं अंथरुणाला खिळली. माझी नात सहा दिवस डोळे उघडत नाही. मग मनात आलं, तुम्हीही तांब्याभर प्यायलात. तुमच्यासाठी काढा आणलाय. घ्या."

नगारा थांबला होता. जुळवलेली चारही उत्तरं भांडणासाठी होती. तिनं शिव्या दिल्या असत्या तर त्यानं सोसल्या असत्या. पण ही त्याच्या पोटाची काळजी करत होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रंगारी त्याच्याकडे बघत होते. गप्प राहून काढा पिऊन टाकणं सोपं होतं. हात पुढे झालासुद्धा, पण लोटीला लागेना.

"आजी," तो म्हणाला, "मी प्यायलो नाही. धार उपरण्यात सोडली, एक घोट होता तो थुंकला. पाणी घाण होतं. मला कळलं होतं."

ठकूआजीनं लोटीवरचं फडकं पुन्हा नीट बसवलं. "मग हा घरी नेते," ती म्हणाली. "लेकरांना पुरत नाहीये."

ती वळली. त्यानं डोक्यावरची पगडी काढून गादीवर ठेवली. "या जागेवर बसायचं तोंड मला राहिलं नाही. मी जातो."

आजी थबकली. आता मात्र तिचा आवाज चढला. "जातो? आणि हौदांचं पाणी दुसरीकडून काढायला चर कोण खणणार? लाज वाटते ना? मग ती घेऊन बसा!"

तो बसला. त्याच दिवशी त्यानं सातही आळ्यांना सांगितलेली कामं बाजूला ठेवली आणि खालच्या आळीचा चर पहिला घेतला. रंगारी चिडले, फिरून कधी त्यांनी त्याच्यासाठी हात वर केला नाही. चर झाला, विहीर उपसली, पाणी निवळलं. अकरा लेकरं खडखडीत बरी झाली. ठकूआजीची नात उठली, पण पहिल्यासारखी धावली नाही. ती भिंतीला धरून चालताना दिसली की तो म्हातारा होईपर्यंत मान खाली घालायचा. चर खणला म्हणून लोक त्याला चांगला पंच म्हणायचे. त्याला ते ऐकवायचं नाही.

तात्पर्य: जे आपल्या घशाखाली उतरत नाही, त्याला दुसऱ्यासाठी गोड म्हणू नये.